पावित्र्याची हाक कोणाला?

प्रश्न : मी नियमित मिस्सेला (चर्चमधील उपासनेला) जाते, पापांची कबुली देते, तरीही घरी सासूबाईंवर तोच संताप, तेच टोचून बोलणे पुन्हा घडते. पावित्र्य हे संतांचे आणि धर्मभगिनींचेच काम आहे काय? (एक वाचक, वसई)

उत्तर : नाही. कॅथलिक धर्माध्यक्षांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ख्रिस्तसभेविषयीच्या (चर्चविषयीच्या) आपल्या दस्तऐवजाचे पाचवे प्रकरणच या विषयाला वाहिले आणि पावित्र्याचे पाचारण संसारी माणसांसह सर्वांनाच आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले.

प्रभू येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पाहा. महायाजकाच्या वाड्यात, कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा असताना ‘मी त्याचा शिष्य नाही’ असे म्हणत त्याने प्रभूला नाकारले. आणि योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभू त्याला सरोवराकाठी भेटतो, तेव्हाही तेथे कोळशाचाच विस्तव पेटलेला असतो. प्रभू जाब विचारत नाही. ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ एवढेच तीनदा विचारतो आणि आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवतो. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण येथे जबाबदारी मिळते ती पडून उठलेल्या माणसाला. प्रेषित पौलानेही आपल्या देहातील काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा तसाच राहिला, कृपा मात्र पुरेशी ठरली.

अर्थात, याचा आधार घेऊन रागाला मोकळीक देऊ नये. पुढच्या वेळी कबुली देताना ‘मी रागावते’ एवढ्यावर न थांबता, राग कोणत्या प्रसंगी व कशामुळे येतो, हे धर्मगुरूंना स्पष्ट सांगा आणि त्याच दिवशी सासूबाईंची क्षमा मागा.