आधीचं पचू दे

प्रिय पोरी,

तुझी यादी वाचली. पित्त, बद्धकोष्ठ, सकाळी जड डोकं, बोटांचे सांधे आखडलेले. त्यावर पहाटे कोमट पाण्यात लिंबू-मध, अकराला ज्यूस, चारला सुका मेवा, झोपताना हळदीचं दूध. दर तक्रारीला एक उपाय आणि तोही तोंडातच घालायचा! पोटाला उसंत कधी मिळायची?

आधीचं पचल्याशिवाय पुढचं खायचं नाही. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने सगळ्या रोगांचं मूळ मंदावलेल्या अग्नीत, म्हणजे पचनशक्तीत, सांगितलं, आणि तू त्याच अग्नीवर तासातासाला ओल्या गोवऱ्या टाकते आहेस. पचलं हे कळतं. ढेकर स्वच्छ येते, सकाळच्या भाजीचा वास मारत नाही. पोट हलकं वाटतं आणि साधा वरणभातही चालेल अशी भूक लागते. फरसाणाचा डबा उघडल्यावरच लागते ती भूक नव्हे.

लिंबू-मध उद्यापासून बंद. छातीत जळजळ असताना रिकाम्या पोटी आंबट कशाला? शिवाय गरम पदार्थाबरोबर मध चरकालाही मान्य नाही.

रात्री मुगाचं कढण घे. पाव वाटी सालीची मूगडाळ, चार वाट्या पाणी, मंद आचेवर निम्मं आटेपर्यंत. घोटायचं, सैंधव घालायचं, वर अर्धा चमचा साजूक तुपात जिरं. सोबत मऊ भात. इथेच घोळ होतो: 'पचनाला चांगलं' म्हणून आलं, मिरी, हिंग सढळ हाताने पडतं आणि जळजळ दुप्पट होते. मंद अग्नी आणि भडकलेलं पित्त एकाच पोटात सुखाने नांदतात, म्हणून तुला तिखट दीपन, म्हणजे अग्नी पेटवणारे मसाले, नकोत. रात्रीचं दही नको, इडली-डोसा सध्या नको. ताक दुपारी, ताजं, आंबट न झालेलं.

रात्रीचं साडेदहाचं जेवण एकदम सातवर आणू नकोस, चौथ्या दिवशी गाडी घसरेल. सवय चतुर्थांशाने सोडायची हा चरकाचा क्रम आहे. दर तीन-चार दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे ये. चहाचंही तसंच. पोट साफ होत नसेल तर रात्री अर्धा चमचा त्रिफळा कोमट पाण्याबरोबर. जुलाब झाले की थांबव. आणि शौचाची कळ आली की मीटिंग सोडून ऊठ. दाबून ठेवलेल्या वेगावर चूर्ण चालत नाही.

मी औषधांची लांबलचक चिठ्ठी देत नाही म्हणून माणसं नाराज होतात. होऊ देत. आधीचं पचू न देता वर काढे ओतायचे, तर तो काढाही अन्नासारखाच कुजतो, हे मी सांगतच राहणार.

मात्र सांध्यांना सूज असेल, सकाळची आखड अर्धा-पाऊण तास सुटत नसेल, तर आधी रक्त तपासून घे; ते कढणावर सोडायचं काम नाही. काळी शौच, आपोआप उतरणारं वजन, गिळताना अडकणं यापैकी काही दिसलं तर थेट डॉक्टर. थायरॉईडची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ऑनलाइन मिळणारी, घटक न छापलेली भस्मं तर घरातही नकोत.

पंधरा दिवस वहीत दोनच गोष्टी लिही: जेवायला बसलीस ती वेळ, आणि तेव्हा खरी भूक होती की नव्हती. वहीचे फोटो पाठव. नव्या चूर्णांची नावं पाठवू नकोस.