बाबा गेलेत, म्हणजे हे स्वप्नच

"मॅडम, स्वप्न चालू असताना हे स्वप्न आहे असं कळणं म्हणजे डोक्यात काही बिघाड आहे का?"

नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन ती नीट बसलीही नव्हती, तोवर हा प्रश्न. वय तिशीच्या आत, राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीत. तिच्या परवानगीने लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. प्रश्न मात्र जसाच्या तसा ठेवलाय, कारण तो वेगवेगळ्या शब्दांत अनेक जण विचारतात.

स्वप्न असं होतं. ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना ती उतरतेय. खाली बाबा उभे आहेत. हातात त्यांची कापडी पिशवी, तिचा एक बंद तुटलेला आणि गाठ मारून जोडलेला. बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. "अर्ध्या जिन्यात मला लख्ख कळलं, बाबा तर गेलेत, म्हणजे हे स्वप्नच. पण जाग आली नाही हो. मी खाली उतरले आणि त्यांच्याशी बोलत उभी राहिले."

आत्याला सांगितलं तर तिचं ठरलेलं उत्तर: त्याचा जीव अडकलाय, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण-नागबळी करा. विधी करावा की नाही यावर मी बोलत नाही, तो घरचा प्रश्न. पण या स्वप्नाचा अर्थ लावायला बाबांचा जीव अडकायची गरज नाही, एवढं मी तिला सांगितलं.

याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. मराठीत कुणी 'सुस्पष्ट स्वप्न' म्हणतं आणि तिथेच घोळ होतो. स्वप्न किती ठसठशीत दिसलं, रंग किती गडद होते, याचा इथे संबंध नाही. साधं स्वप्नही सिनेमासारखं स्वच्छ दिसू शकतं. मला 'सजग स्वप्न' हा शब्द बरा वाटतो. साध्या स्वप्नात गेलेला माणूस ओट्याशी चहा पीत उभा असतो, दहावीचा पेपर चाळिशीत पुन्हा द्यावा लागतो, आणि आपल्याला त्यात काहीही वावगं वाटत नाही. सजग स्वप्नात नेमकं तेच खटकतं. फरक एवढाच. आणि कळलं म्हणजे स्वप्न आपल्या मर्जीने चालतं, असंही नाही. तिने बाबांना घरी चला म्हटलं, ते हलले नाहीत.

"पण झोपेत कळतं कसं?" तिने विचारलं. ती इंजिनिअर, तिला यंत्र कसं चालतं ते हवं होतं. आपली बहुतेक ठळक स्वप्नं रेम झोपेत, म्हणजे डोळे भराभर हलतात त्या झोपेत, पडतात. ही झोप साधारण दर ९० मिनिटांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते. तेव्हा अंगातले स्नायू ढिले पडलेले असतात, डोळे मात्र बुबुळं फिरवत असतात. कपाळामागचा, तर्क लावणारा भाग त्या वेळी बराच मंदावलेला असतो, म्हणून विसंगती खपून जाते. तो थोडा जागा झाला की खटकतं. आणि हे नुसतं सांगोवांगी नाही. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली या स्वप्न पाहणाऱ्याशी आधीच खूण ठरवली होती: स्वप्नात कळलं की डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. रेम झोपेतल्या माणसाची ती खूण यंत्रावर उमटली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनीही तेच दाखवलं. २०१६ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना, सुमारे ५५ टक्क्यांना, आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडलेलं निघालं. म्हणजे बिघाड वगैरे काही नाही.

ती सैल झाली. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "झोप कशी आहे?" आणि खरी गोष्ट तिथे निघाली.

बाबा पुन्हा भेटावेत म्हणून ती महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून सराव करत होती. रोज पहाटे साडेतीनचा अलार्म, वीस मिनिटं जागं राहायचं, मग 'मी स्वप्न ओळखणार' असं घोकत पुन्हा झोपायचं. दिवसा 'खातरजमा': नाक दाबून श्वास येतो का पाहायचं, कारण स्वप्नात दाबलेल्या नाकानेही श्वास येतो. ऑफिसात शेजारणीने सर्दीची गोळी देऊ केली. शिवाय एखादी पाटी दोनदा वाचायची. स्वप्नात अक्षरं बदलतात. हिने निवडला स्टेशनवरचा इंडिकेटर. "तो तर जागेपणीही बदलतो, मॅडम!" पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

बाबा भेटले नाहीतच. उलट दोनदा पहाटे डोळे उघडले आणि हात-पाय हलेनात, छातीवर कुणी बसल्यासारखं, ओरडायला जावं तर आवाज फुटेना. आत्याच्या म्हणण्यावर तिचा विश्वास बसायला लागला तो यामुळे. हे सजग स्वप्न नव्हे. मन जागं होतं आणि रेम झोपेतलं ते स्नायूंचं ढिलेपण काही क्षण उरतं. अपुरी, तुटक झोप असली की हा त्रास वाढतो, आणि ती रोज पहाटे स्वतःच झोप तोडत होती.

दिवसा कधी समोरचं खरं नाही असं वाटतं का, कुणी नसताना आवाज येतात का, हेही विचारून घेतलं. नाही म्हणाली. हो म्हणाली असती तर तिला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं आणि सराव तर पूर्ण बंद.

अलार्म काढायला ती तयार नव्हती. मी विचारलं, "भेटले असते तर काय बोलली असतीस?" बराच वेळ गप्प. मग म्हणाली, हॉस्पिटलमधून ती अंघोळीला घरी गेली होती. तासाभराचं काम. परत येईपर्यंत बाबा गेले होते. तिला त्यांना एवढंच विचारायचं होतं, की मला शोधलंत का.

पुढच्या पाच भेटी आम्ही त्या तासाबद्दल बोललो, जागेपणी, समोर रिकामी खुर्ची ठेवून. अलार्म तिसऱ्या भेटीनंतर तिने आपणहून काढला. छातीवर बसणारं पुन्हा आलं नाही.

शेवटच्या भेटीत म्हणाली, बाबा दिसले. जांभळी नाक्यावर, तीच पिशवी. कोथिंबिरीच्या जुडीला किती दिलेस म्हणून ओरडत होते आणि ही हुज्जत घालत होती.

"या वेळी कळलंच नाही, मॅडम. उठल्यावर कळलं."