काकूंचा फोटो डिलीट करू का?

प्रश्न : मी कोल्हापूरची, वय २३. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या खुनानंतर निषेध म्हणून इथे सुरू झालेल्या निर्भय मॉर्निंग वॉकचे फोटो काढते. एकदा आमच्याच गल्लीतल्या एक काकू डोळे पुसताना फ्रेममध्ये आल्या. फोटो चांगला आलाय, पण काकू रोज दूध आणताना भेटतात आणि मलाच चोरी केल्यासारखं वाटतं. फोटो डिलीट करू का?

उत्तर : करू नका. काकूंना दाखवल्याशिवाय कुठे टाकूही नका. खरं तर एवढंच पुरे होतं, पण याच बाबतीत मी एकदा शेण खाल्लंय, ते सांगतो.

२० ऑगस्ट २०१३ला सकाळी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात पुलावर गोळ्या झाडून खून झाला. पाटीवर त्याचं नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल. आम्ही ओंकारेश्वरचा पूल म्हणतो. माझं घर शनिवार पेठेत, पुलापासून पाच मिनिटांवर. त्या दिवसांत तिथे निषेधाला माणसं जमत होती, ‘आम्ही सारे दाभोलकर’ म्हणत. त्यात मला शाळेतल्या आमच्या बाई दिसल्या. हातात खोक्याचा पुठ्ठा, त्यावर स्केचपेनने लिहिलेलं, भुरभुर पावसात शाई ओघळलेली. मी झूम लावला, बाईंचे भरलेले डोळे घेतले आणि पुठ्ठा कापला. फोटो छापून आला, वाहवाही झाली.

महिन्याभराने बाई मंडईत भेटल्या. हातात मेथीची जुडी. म्हणाल्या, “अरे, मी काही रडायला आले नव्हते. विचारायला आले होते. तेच तू कापलंस.” पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : मारेकरी कुठे आहेत?

परगावच्या फोटोग्राफरला हे ऐकावं लागत नाही. तो संध्याकाळच्या गाडीने निघून जातो. आपल्याला त्याच मंडईतून भाजी आणायची असते.

तेव्हापासून अशा ठिकाणी झूम घरी ठेवतो. ३५ मिमीची लेन्स लावली की माणूस हवा असेल तर त्याच्याजवळ जावं लागतं, त्यालाही आपण दिसतो, आणि हातातला फलक आपोआप चौकटीत येतो. अंनिसचे कार्यकर्ते पुढे दर महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर जमत राहिले. मीही जात राहिलो. कधी मोजकीच माणसं, बाजूने स्कूटरवाले हॉर्न देत जाणारे. पहिल्या आठवड्यातल्या गर्दीपेक्षा मला हेच फोटो जास्त मोलाचे वाटतात, पण ते कोणी छापायला मागत नाही. १० मे २०२४ला खुनाच्या खटल्याचा निकाल लागला : दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “आणि सूत्रधार?”

विचारलं नाहीत, तरी आणखी एक. २५ सप्टेंबर २०१६च्या पुण्यातल्या मराठा मूक मोर्चात घोषणाच नव्हत्या, त्यामुळे माझ्या जुन्या कॅमेऱ्याची खटखट मलाच नकोशी झाली. आवाज बंद करता येत असेल तर घरूनच करून निघा. आणि तरुण पोरांचे चेहरे त्याच संध्याकाळी नावं टॅग करून टाकू नका. आंदोलनात गुन्हे दाखल होतात, आणि पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तेच आडवे येतात. आपला फोटो त्या फाइलीत कशाला?

आता काकू. फोटो मोबाइलवर दाखवू नका, लोक आधी बोटांनी स्वतःचाच चेहरा मोठा करून बघतात. पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढा आणि दुपारी निवांत वेळी घरी जा. दुधाच्या पिशव्या हातात असताना हा विषय नको. नको म्हणाल्या तर प्रिंट त्यांच्याकडेच ठेवा, फाइल तारीख घालून तुमच्याकडे. आणि त्या दिवशी त्यांना नेमकं काय आठवलं, हे त्यांनी सांगितलं तर प्रिंटच्या मागे त्यांच्याच हाताने लिहून घ्या.