स्वमग्नता (ऑटिझम) असलेली व्यक्ती अडचणींवर मात करून यशस्वी होऊ शकते का?

हो, नक्की होऊ शकते. पण स्वमग्नता ‘घालवून’ नाही, तिच्यासकट.

स्वमग्नता असलेल्या अमेरिकेच्या टेम्पल ग्रँडिन यांचंच बघा. जन्म १९४७, बॉस्टन. साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या. त्या विचार करतात तो शब्दांत नाही, चित्रांत. गुरांच्या चिंचोळ्या वाटेत जनावरं मध्येच का अडतात, हे कुणाला उमगत नव्हतं. या स्वतः त्या वाटेत उतरल्या आणि गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलं. लोंबणारी साखळी, जमिनीवर पडलेली सावली, कुंपणावर टाकलेला कोट. एवढ्यानंच जनावर बुजत होतं! पुढे त्यांनी गुरांसाठी वळणदार वाटा आखल्या, १९८९ मध्ये पशुविज्ञानात पीएचडी केली आणि कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. आई आणि शाळेतले विज्ञानाचे शिक्षक भक्कम पाठीशी होते, हेही तितकंच महत्त्वाचं.

प्रत्येक मूल असं नाव कमावेल असं नाही, आणि तशी अपेक्षाही लादू नये. माझा मुलगा कुकरची शिट्टी झाली की कान दाबून कोपऱ्यात बसायचा. आता मी आधी सांगते, “तीन शिट्ट्या होणार.” तो बोटांवर मोजतो आणि तिसरी झाली की स्वतः गॅस बंद करतो. आमच्या घरी हे मोठं यश आहे.

आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जरूर काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. दहावी-बारावीला लेखनिक, जादा वेळ अशा सवलती त्यावर मिळतात.