पद्मिनीचा पत्रा कापायच्या आधी नंबर जुळवा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. गाडी 1977 ची प्रीमियर पद्मिनी, आरसीची जुनी वही आहे, मूळ मालक वारलेत, पण त्यांनी सही करून ठेवलेले फॉर्म 29 आणि 30 (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) गॅरेजवाल्याकडे आहेत, आणि तो म्हणतो, "पत्र्याचं काम सुरू करू, कागद होऊन जातील." तुम्ही विचारलंय रंग कोणता मारू आणि कार्ब्युरेटर बदलू का. ते शेवटी सांगतो. आधी त्याला फोन करून ग्राइंडर थांबवायला सांगा.

"कागद होऊन जातील" या एका वाक्यावर मी सगळ्यात जास्त पोळलोय. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग सगळं पैसे टाकून होतं. कागदाचं तसं नाही.

मृत माणसाची आधी घेऊन ठेवलेली सही कामाची नाही. गाडी आधी वारसाच्या नावावर होते. त्याला फॉर्म 31, मृत्यू दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती लागते. मग तो वारस तुम्हाला 29-30 वर सही देतो. कायद्याप्रमाणे वारसाने 30 दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. ही मुदत बहुतेक जुन्या गाड्यांची कधीच उलटलेली असते, ते दंड भरून निस्तरता येतं. पण मुलगी परदेशात आणि भावाभावांचं बोलणं बंद असेल, तर ते दंड भरून सुटत नाही. म्हणून पैसे गॅरेजवाल्याला नाही, वारसाच्या खात्यात, आणि सुरुवातीला फक्त टोकन.

आता वही उघडा आणि मागची पानं एकेक करून वाचा. तीन गोष्टी शोधा. पहिली, बोजा. त्या काळी कर्जावर घेतलेल्या गाडीवर बँकेचा शिक्का असतो आणि कर्ज फिटूनही तो कित्येकांनी उतरवलेला नसतो. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर आजच्या बँकेकडून पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 घ्यावा लागतो. दुसरी, कर कुठवर भरलाय. तिसरी, आणि इथेच माझं कंबरडं मोडलं: एनओसी, म्हणजे आरटीओचा ना हरकत दाखला.

कोणीतरी पूर्वी गाडी दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला एनओसी घेतलेली असते आणि तिकडे नोंद केलेलीच नसते. पहिलं आरटीओ कार्यालय म्हणतं, "रेकॉर्ड तिकडे गेलं." दुसरं म्हणतं, "इकडे आलंच नाही." 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीच्या संगणकात नंबर टाकला तर काहीच येत नाही, कारण 1989 च्या आधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या कित्येक नोंदी जाड रजिस्टरमधून संगणकात चढलेल्याच नाहीत. त्या चढवायला बॅकलॉग एंट्री (जुन्या नोंदीची मागाहून भर) लागते, आणि तिच्यासाठी मूळ रजिस्टरचं पान लागतं. संगणकात गाडी नाही म्हणजे नूतनीकरण नाही, हस्तांतरण नाही, एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर पाटीही नाही.

ज्या कार्यालयात मी खेटे घातले त्याचं नाव लिहीत नाही. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो: खिडकीवर तोंडी विचारू नका. "साहेब नाहीत", "पुढच्या आठवड्यात या" यात महिनोन् महिने जातात आणि हातात कागदाचा कपटाही राहत नाही. पहिल्या दिवशीच लेखी अर्ज द्या, प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्या नंबरच्या रजिस्टर पानाची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "रजिस्टर उपलब्ध नाही" असं लेखी मिळालं तरी वरच्या अधिकाऱ्यासमोर ठेवायला काहीतरी हाती असतं. एजंट हे काम करत नाही, तो फक्त चालू गाड्यांची कामं पटापट करतो.

आणि पत्रा आत्ता का कापायचा नाही? कारण चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा ओळख क्रमांक, पत्र्यावरच पंच केलेला असतो. आरटीओचा निरीक्षक येऊन त्याची पेन्सिल प्रिंट घेतो. गंजलेला तुकडा म्हणून डेंटरने तोच कापून भंगारात दिला, किंवा त्यावर ग्राइंडर फिरवला, तर गाडी चोरीची असल्याचा संशय येतो आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. तुम्हीच आधी प्रिंट काढा: जागा शोधा, थिनरच्या फडक्याने जुना रंग हळूहळू पुसा, पॉलिश पेपर किंवा वायर ब्रश अजिबात नको. पातळ कागद सेलोटेपने घट्ट चिकटवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासा. अंक पांढरे उमटतात. 3 आणि 8, 0 आणि 6 नीट बघा, वहीत कारकुनानेही चूक केलेली असते. इंजिन ब्लॉकवरचा नंबरही असाच काढा. पन्नास वर्षांत ब्लॉक बदललेला असणं नेहमीचं आहे. तो जुळला नाही तर इंजिनाचं बिल शोधा आणि आरसीवर बदलाची नोंद करून घ्या.

"विंटेज नंबर घेऊन टाका" असं खाली एकाने सुचवलंय, त्याबद्दल. 2021 च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण व्हायला लागतात, नुसतं मॉडेल वर्ष चालत नाही. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. मुख्य म्हणजे अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी घरच्यांना घेऊन फिरायचं स्वप्न असेल तर साधं नूतनीकरणच बरं. आणि वारसाचा तिढा तिथेही तसाच राहतो. मी वकील नाही, फी बदलत असते, तुमच्या कार्यालयात खात्री करा.

कागद जुळले की मग पत्रा. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सिल (दरवाज्याखालची पत्र्याची पट्टी), दरवाज्यांचे खालचे कोपरे आणि डिकीच्या तळावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टीचा थर आहे. जॅकवर उचलल्यावर दरवाजा लागेनासा झाला तर सिल आतून संपलंय, किंमत तिथेच पाडा.

कार्ब्युरेटर बदलू नका, मूळचा उघडून धुवा. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे पाइप आणि पंपाचा डायाफ्राम (आतला लवचिक पडदा) इथेनॉल चालणारे टाका, आणि टाकी उतरवून तळाचा चिकट गाळ काढा. काच, हँडल, पाट्या वगैरे पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला चाळायला जा, जुना नमुना हातात घेऊनच. रंग मूळचाच ठेवा. दरवाज्याच्या रबराखाली त्याचा खरा रंग अजून असेल, तिथून शेड जुळवून घ्या.

वहीच्या मागच्या पानांचे फोटो टाका, नाव-पत्ता झाकून. एनओसीचा शिक्का दिसला तर लगेच कळवतो.