कँटोनीजमध्ये भूक कशी सांगायची

हाँगकाँगला बदली झालीय, खाण्यापुरती कँटोनीज कुठून सुरू करू, असं तुम्ही विचारलंय. उच्चारापासून करा, तिथे मराठी जीभ कामाला येते. त-थ, क-ख या फरकाने तिकडे अर्थ बदलतो आणि तो आपल्याला आपोआप जमतो. पुढचे सगळे ‘च’ चमच्यातले, चहातला नाही. छळतात ते सहा सूर. ‘थोंग’ उंच सपाट म्हटलं की सूप, खाली उतरवलं की साखर. ‘पाउ’ चढत्या सुरात म्हणजे पोट भरलं. सपाट उंच म्हटलंत तर वाफवलेला बाओ (मऊ पाव) समोर येईल.

भूक लागली म्हणजे ‘थोउ ङॉ’ (तरुण मंडळी ‘ङ’ गिळून नुसतं ‘ऑ’ म्हणतात). खायची इच्छाच नसेल तर ‘मोउ वइ-हउ’. कुणी ‘सिक् चॉ फान मेइ?’ विचारलं तर ते आपलं ‘काय, जेवण झालं का?’ आहे, आमंत्रण नव्हे. ‘सिक् चॉ ला’ म्हणजे झालं, ‘मेइ आ’ म्हणजे अजून नाही.

‘ताइ सिक्’ म्हणजे ज्याचा आहार मोठा. ‘वइ सिक्’ म्हणजे जिभेचे चोचले असणारा. त्यालाच लाडाने ‘वइ सिक् माउ’, खादाड मांजर. ताटात भरमसाट घेऊन टाकणाऱ्याला ‘ङान फुत् थोउ चाक्’: डोळे रुंद, पोट अरुंद.

शाकाहारी असाल तर खरी गोम इथे आहे. ‘म् सिक् युक्’, मांस खात नाही, एवढ्यावर थांबू नका. मांसाचे तुकडे जातील, पण सुकी कोळंबी, ऑयस्टर सॉस, हाडांचं पाणी राहू शकतं. ‘चउ युक्’चंही तेच; ‘चउ’ म्हणजे वगळा, रस्सा मात्र तोच. त्याऐवजी ‘सिक् चाय’ म्हणा. हा बौद्ध आहार: मासे नाहीत, आणि सहसा अंडं, कांदा, लसूणही नाही. अंडं-दूध चालत असेल तर ‘तान नाय सोउ’. फक्त गोमांस नको असेल तर ‘म् सिक् ङउ-युक्’. (‘चाय फे’ मात्र शाकाहारी कॉफी नव्हे, नुसती कोरी कॉफी.) बर्फ नको, ‘चउ पिंग’, भात कमी, ‘सिउ फान’, साखर कमी, ‘सिउ थिम’.

आग्रह टाळायला ‘यित् हेइ’, म्हणजे उष्ण पडतं, हे शिका. तळलेल्या-तिखटाने अंगात उष्णता वाढते ही आपल्या आजीची समजूत तिथेही जशीच्या तशी आहे. समोसा नाकारताना घसा चोळत ‘यित् हेइ’ म्हणा, फार तर कुणी कडू काढा पुढे करेल.