परसबागेत लव्हाळा माजलाय, काय करू?

प्रश्न: घरामागे दीड गुंठ्यात वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी आणि मेथी-कोथिंबीर केली आहे. पाऊस सुरू झाल्यापासून लव्हाळा माजला आहे. खुरपलं की चार दिवसांत पुन्हा हिरवंगार. शेजाऱ्यांकडे उसाचं तणनाशक उरलं आहे, ते मारू का? मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) टाकला तर थांबेल का? यंदा शेणखत भरपूर टाकलं, त्यातून तण आलं असेल का? (पुरंदर तालुक्यातून एक शेतकरी ताई)

उत्तर: ताई, तणनाशकाचं आधी सांगतो, कारण ते कुणीतरी आज संध्याकाळीच मारून मोकळं होईल. मारू नका. उसात सर्रास टू-फोर-डी वापरतात. ते रुंद पानांची तणं मारण्यासाठी असतं, आणि तुमची वांगी, टोमॅटो, भेंडी ही सगळी रुंद पानांचीच. नुसता वाऱ्यानं फवारा उडाला तरी टोमॅटोचे शेंडे पिळवटतात, पानं दोऱ्यासारखी बारीक होतात. लव्हाळ्याची पात फार तर पिवळी पडेल, खालच्या गाठी शाबूत राहतील. तणनाशक मारलेला पंप भाजीला वापरायचासुद्धा नाही. कितीही धुतला तरी नळीत आणि नोझलमध्ये अंश राहतोच.

ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशकही कुणीतरी सुचवेलच. आपल्याकडे त्याची शिफारस चहाचे मळे आणि बिनपिकाची जागा एवढ्यापुरतीच आहे, आणि 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटर, म्हणजे फवारणीचा परवाना असलेल्या माणसामार्फतच करावा अशी अधिसूचना काढली. शिवाय एकराची मात्रा दीड गुंठ्यावर आणायची म्हणजे हिशेब मिलिलिटरवर येतो, तिथं हात जरा जड पडला की मात्रा दुप्पट. ज्या वाफ्यातली कोथिंबीर आज सकाळी खुडून आमटीत पडते, तिथं हा खेळ नको.

आता लव्हाळा. खुरप्याने वरून पात कापली की तो का संपत नाही, हे एकदा उकरून बघा. पातीच्या बुडाशी एक बारीक कांदा असतो, त्यातून पांढरा धागा निघतो, त्या धाग्यावर काळपट गाठ, पुढे पुन्हा धागा, पुन्हा गाठ, अशी माळच जमिनीत पसरलेली असते. शेंड्याची गाठ वाढत असते तोवर मागच्या बऱ्याच गाठी झोपून असतात. आपण माळ तोडली की त्या जाग्या होतात. म्हणून लव्हाळ्याच्या रानात रोटाव्हेटर किंवा पॉवर टिलर घातला की एकाचे दहा होतात. वरची पात उपटून हाती येते, पण माळ खालीच तुटून राहते.

यावर दोनच गोष्टी खऱ्या चालतात, दमवणं आणि वाळवणं.

दमवणं म्हणजे पात चार-पाच पानांची झाली की काढायची, तिला वाढून नव्या गाठी भरू द्यायच्या नाहीत. नवीन कोंबाला साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पुढच्या गाठी धरायला लागतात. म्हणजे दर दहा-बारा दिवसांनी हात फिरलाच पाहिजे, सणवार असो की पाहुणे असोत. माती ओलसर असताना खुरप्याचं टोक बुडाशी तिरकं खुपसून कांद्यासकट उचला. चार दिवसांत पुन्हा हिरवं दिसलं तर हिरमुसू नका, प्रत्येक कोंबाला गाठीतला साठा खर्च होतोच. मध्ये एक महिना चुकला, की मात्र सगळी मेहनत वाया.

वाळवणं उन्हाळ्यात. एप्रिल-मे मध्ये एक वाफा रिकामा ठेवा, पाणी पूर्ण तोडा, कुदळीने वीतभर खोल खणून ढेकळं उलथी करा. वर आलेल्या गाठी वेचून घ्या, उरलेल्या कडक उन्हात सुकून मरतात. दोन आठवड्यांनी पुन्हा उलथापालथ करा. या काळात शेजारच्या वाफ्याचं पाणी तिथं झिरपलं तर गाठी जिवंत राहतात, एवढं जपा.

लव्हाळ्याला सावली सोसत नाही. पुढच्या हंगामात त्या वाफ्यात चवळी किंवा रताळ्याचा वेल दाट पसरू द्या. कांदा-लसूण तिथं मुळीच लावू नका, त्यांची सावली पडत नाही.

मल्चिंग पेपर लव्हाळ्याला अडवत नाही. त्याचे टोकदार कोंब कागद भोसकून वर येतात. बियांपासून उगवणाऱ्या इतर तणांना मात्र तो चांगला रोखतो. तेवढ्यासाठी घरचं पाचट, गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा तीन-चार बोटं जाड टाकलात तरी भागतं. फक्त रोपाच्या खोडापासून थोडं लांब ठेवा.

बाकीची तणं त्यामानाने गरीब. माठ, दुधी, गाजरगवत ही बियांवर जगतात, त्यांना फुलोऱ्याआधी काढलं की झालं. गाजरगवताला हात लावताना मोजे घाला, अंगाला खाज सुटते. केना मात्र लबाड आहे. त्याला जमिनीखालीही फुलं येऊन बी धरतं, म्हणून नुसता वरून तोडू नका, मुळासकट हळूच ओढा. घोळ उपटून वाफ्यातच टाकली तर पावसाळी हवेत पुन्हा मूळ धरते, तिला चुलीकडे न्या. मूग डाळ घालून केलेली घोळीची भाजी हा खुरपणीचा मोबदला समजा.

शेणखताबद्दलचा तुमचा संशय बरोबर असू शकतो. अर्धवट कुजलेल्या खतात जनावराच्या पोटातून आलेलं बी जिवंत असतं. मात्र लव्हाळा शेणातून सहसा येत नाही, तो बहुतेक गाळमातीतून किंवा रोपांच्या पिशवीतल्या मातीतून येतो. पुढच्या वेळी खत टाकण्याआधी घमेल्यात दोन ओंजळी घेऊन ओलं ठेवा. आठ-दहा दिवसांत त्यात हिरवं उगवलं, तर तो ढीग अजून उलथून कुजवायचा आहे. काढलेल्या लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काड्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. पत्र्यावर पसरून कडकडीत वाळवा, मग जाळा.

काही जण मिठाचं पाणी ओतायला सांगतात. अंगणातल्या फरशीच्या फटीत ओतायचं तर ओता, वाफ्यात नको. मीठ मातीत साचतं आणि लव्हाळ्याआधी तुमची मिरची जाते.